चौथी रेघ

आमच्या घरात भिंतीवर तसबीर नव्हती, क्रूसही नव्हता. स्वयंपाकघराच्या दारामागे एक ओळंबा टांगलेला होता. गवंडी भिंत सरळ आली की नाही बघायला वापरतात तो, दोरीला लोंबणारा पितळी गोळा. आमोस संदेष्ट्याला दृष्टान्तात परमेश्वर हातात ओळंबा धरून भिंतीपाशी उभा दिसला आणि भिंत वाकडी निघाली, म्हणून बाबांनी तो तिथे टांगला होता. ओळंब्याखाली कोळशाने तीन नावं लिहिली होती: आई, शांतवन, करुणा. शांतवन माझा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आणि करुणा मी. प्रत्येक नावाखाली उभ्या रेघा. बाबांचं नाव भिंतीवर नव्हतं. ओळंबा ज्याच्या हातात, त्याला कोण लावणार ओळंबा?

बाबा एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलरकडे फिटर होते. आमचं घर तिथून दीड मैलावर, मळ्यांच्या मधोमध. एका बाजूला सरूमावशीचा झेंडू आणि कोथिंबीर, दुसऱ्या बाजूला आमची द्राक्षाची सोळा झाडं, बाबांनी लावलेली, तारांच्या मांडवावर चढवलेली. सकाळी भोंगा व्हायचा. मधूनच केव्हातरी बॉयलरची जादा वाफ सोडत, तेव्हा असा काही आवाज होई की सरूमावशीच्या शेळ्या दावं तोडू पाहत. दाब वाढला की व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफ आभाळात जाते, हे बाबांनी आम्हाला लहानपणीच समजावलं होतं. "देवाचा राग बी तसाच हाय," ते म्हणत. "दाबून दाबून किती दाबंल?" बाबांच्या रागाला मात्र आभाळात जायची सवय नव्हती. तो घरातच सुटायचा.

आमची मंडळी लहान, पंधरा-वीस घरांची. पत्र्याचं छप्पर असलेल्या त्या एका खोलीला आम्ही देऊळच म्हणायचो. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवरून येत, बाकीचे रविवार उपदेश बाबांचा. पाळकसाहेब आले की हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत आणि बायका पदराने डोळे पुसत. बाबा उभे राहिले की बायका मुलांना जवळ ओढून घेत. बाबांना सगळ्या संदेष्ट्यांत आमोस प्यारा. आमोस गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा, हातावर पोट असलेला माणूस. संदेष्टेगिरी त्याचा धंदा नव्हता, तरी देवाने त्याला गुरांमागून उचललं आणि बड्या लोकांच्या तोंडावर बोलायला लावलं. "मलाबी बॉयलरमागून उचललं," बाबा म्हणत. कामावरचे लोक त्यांना 'संदेष्टे' म्हणून चिडवत, आणि ते चिडवणं आहे हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आमोसाच्या पुस्तकाची सुरुवातच हिशेबी आहे. दिमिष्काचे तीन अपराध, नव्हे चार. गज्जाचे तीन, नव्हे चार. सोराचे तीन, नव्हे चार. आणि दर चौथ्या अपराधाला एका नगरावर आग. बाबांनी त्यातून आमच्या घराचा कायदा काढला. देव तीनदा सोसतो, चौथ्यांदा सोडत नाही. म्हणून खोटं बोललं, प्रार्थनेला पेंगलं, भाकरी करपली, उलट उत्तर दिलं, की एक रेघ. तीन रेघांपर्यंत बाबा आवाजसुद्धा चढवत नसत, अगदी शांतपणे कोळसा उचलत. चौथी पडली की मार. मार देऊन झाला की ओल्या फडक्याने त्या नावाखालची भिंत पुसायची, ती ज्याने मार खाल्ला त्यानेच, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आईसुद्धा पुसायची. एकदा तिच्या चौथ्या रेघेला मी आणि दादा दारात उभे होतो. मारून झाल्यावर तिने फडकं भिजवलं, पिळलं, भिंत पुसली आणि त्याच हाताने आमच्या ताटात भाकरी वाढली. ती भाकरी मी खाल्ली. भूक लागली होती हे खरं, पण त्या घासाची अजून मला लाज वाटते.

मारायचं दांडकंही बाबांनी शास्त्राला धरून निवडलं होतं. द्राक्षवाल्यांकडे वर्षातून दोनदा छाटणी असते. ऑक्टोबरातली गोडी छाटणी, तिच्यातून फळ येतं. एप्रिलमधली खरड छाटणी, तिच्यात वेल अशी खरडून काढतात की नवख्या माणसाला वाटावं, झाड मारलं यांनी. अशाच एका एप्रिलमध्ये बाबांनी मांडवावरचा एक जाड ओलांडा कापला, ओलांडा म्हणजे वेलीचा आडवा हात. तो सावलीत वाळवला आणि करडईचं तेल पाजून गुळगुळीत केला. इस्राएल म्हणजे परमेश्वराचा द्राक्षमळा, असं यशया सांगतो. त्या मळ्याने आंबट फळ दिलं म्हणून मालकाने कुंपण मोडलं आणि मळा तुडवू दिला. तर आपल्या मळ्याचा मार आपल्याच मळ्यातल्या लाकडाने. बाबांचं सगळं असं बसवलेलं असे, फिटरच ते.

रोज दिवेलागणीला प्रार्थना. सतरंजी, मधे कंदील, समोर बाबा आणि त्यांच्या मांडीवर मोठं पवित्र शास्त्र. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बाबा एक वचन म्हणणार, आम्ही तिघांनी ते मागून म्हणायचं. चुलीवर मेथीची भाजी रटरटत असे, ठेच्याचा खकाणा नाकात जात असे, आणि त्या वासात आम्ही टोळधाड, दुष्काळ, आग, तलवार असं सगळं खणखणीत आवाजात म्हणत असू. त्यातलं एक चित्र माझ्या अंगावर काटा आणायचं. एक माणूस सिंहापासून पळाला तर पुढे अस्वल भेटलं, त्यातून सुटून घरी आला, हुश्श करून भिंतीला हात टेकला, तर भिंतीतल्या सापाने चावा घेतला. मला वाटायचं, हे आमच्या घराबद्दलच आहे. आमोस संपला की बाबा पुस्तक मिटायचे. "झालं," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला अध्याय. रेघा पुसल्या की पुन्हा पहिली रेघ, तसंच. सगळं जग तलवारीपाशी संपतं, अशी माझी तेराव्या वर्षापर्यंत पक्की समजूत होती.

आता मी कशी होते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी बाबांची लाडकी होते. माझ्या नावाखाली कधी एकीच्या वर रेघ गेली नाही. मी चलाख होते, दुसरं काही नाही. बाबा आज कसे वागणार हे मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. नाश होताना देव थोडे लोक राखून ठेवतो, त्यांना शास्त्रात 'शेष' म्हणतात, आणि बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून लोकांना सांगायचे, "आमच्या घरातली शेष म्हंजी ही." हे ऐकताना मला जे वाटायचं ते पापच होतं, पण गोड होतं. दादाला ती चलाखी नव्हती. त्या एप्रिलमध्ये त्याच्या तीन रेघा झाल्या होत्या. एक नाशिकरोडला सिनेमा बघितला म्हणून, दुसरी आयटीआयमध्ये मारामारी केली म्हणून. तिसरी प्रार्थनेत मधेच विचारलं म्हणून: "बाबा, रागवून रागवून देव दमत नसंल का?"

शाळेला सुट्टी लागली होती. बाबा सकाळपाळीला गेलेले, आई सरूमावशीकडे झेंडू तोडायला. मी ट्रंक उघडली आणि शास्त्र बाहेर काढलं. मनात काही थोर नव्हतं, फक्त बाबांसारखं मांडीवर घेऊन बसून बघायचं होतं. आमोसाचं शेवटचं पान काढलं. तलवारीचं वचन आलं, आणि त्याखाली पान संपलेलं नव्हतं. खाली आणखी पाच वचनं होती.

पडलेली झोपडी परमेश्वर पुन्हा उभारणार होता, तिची भगदाडं बुजवणार होता. पीक इतकं येणार होतं की कापणी आवरायच्या आत नांगरणाऱ्याने येऊन गाठावं. डोंगरांवरून द्राक्षारस ठिबकणार होता. लोक पडकी गावं बांधून राहणार होते, द्राक्षमळे लावणार होते, आणि त्यांना कुणी पुन्हा उपटून काढणार नव्हतं. मी ते तीनदा वाचलं. आधी मला हसू आलं, मग इतका संताप आला की कानशिलं तापली. आमच्यापासून हे लपवून ठेवलं होतं! रोज रात्री आम्हाला आगीत बसवून हा माणूस पाणी असलेलं पान मिटून टाकत होता.

दादाची लाल-निळी पेन्सिल कोनाड्यात होती, ड्रॉइंगसाठी घेतलेली, एका टोकाला लाल, एका टोकाला निळी. मी पट्टी घेतली आणि त्या पाचही वचनांखाली लाल रेघा ओढल्या, ओळंब्यालाही खोट काढता येऊ नये इतक्या सरळ. लाल दिसलं तर बाबांना वाचावंच लागेल, एवढाच माझा विचार होता. त्यांनी ते एकदा तरी मोठ्याने म्हणावं आणि आम्ही मागून म्हणावं.

तो रविवार झावळ्यांचा होता, ईस्टरच्या आधीच्या रविवारचा सण. मुलांनी झावळ्या हलवल्या, होसान्ना गाऊन झालं, आणि बाबा त्या दिवशीसुद्धा आमोसच घेऊन उभे राहिले. आवाज चढत गेला. नवव्या अध्यायापाशी त्यांनी पान उलटलं आणि ते थांबले. मी बायकांच्या बाजूला, पुढच्या चटईवर होते. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. आधी काहीच झालं नाही. मग जबड्याजवळची शीर उडायला लागली. ती वचनं त्यांना ठाऊक होतीच, पण ती आता दुसऱ्या कुणाला तरी सापडली आहेत, हे त्यांना सगळ्या मंडळीसमोर कळलं. लोक वाट बघत होते. तेवढ्यात पॉवर हाऊसकडून वाफेचा आवाज सुरू झाला आणि कितीतरी वेळ चालला. तो थांबल्यावर बाबा म्हणाले, "प्रार्थना करू या," आणि पुस्तक मिटलं. सरूमावशी आमच्यातली नव्हती, पण सणाला यायची. ती आईला हळूच म्हणाली, "आज लवकर आटापलं गं." 

घरी मटणाचा रस्सा होता. आम्ही जेवायला बसलो होतो. बाबा ताटावर बसले नाहीत. त्यांनी शास्त्र उघडून दादासमोर धरलं.

"ह्या रेघा कुणी वढल्या?"

त्यांनी पान दादाच्या आणखी जवळ नेलं.

"लाल पेन्सिल कुणाची हाय?"

"माझी," दादा म्हणाला.

"मंग?"

दादाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एक घास गिळायला लागतो तेवढाच. मग त्याने ताटाकडे बघितलं. "काय सांगू बाबा," तो म्हणाला, "पेन्सिल माझीच हाय."

त्या वेळी माझ्या नावाखाली एक रेघ होती. एकच. मी बोलले असते तर दुसरी पडली असती, कोळशाचा एक ओरखडा, आणि आम्ही रस्सा-भाकरी खाऊन उठलो असतो. मी घाबरले म्हणून गप्प बसले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मार मला बसणार नव्हता हे मला चांगलं माहीत होतं. मला फक्त 'शेष' राहायचं होतं.

"चवथी," बाबा म्हणाले आणि दांडकं काढलं.

पहिला तडाखा खांद्यावर बसला, ताट उलटलं आणि रस्सा शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरला. दादा उठायला लागला तर दुसरा पाठीवर, तिसरा कोपरावर. नेहमी तो हात डोक्यावर घेऊन गोळा होऊन बसायचा. त्या दिवशी तो गोळा झाला नाही. तो सरळ उभा राहिला, बाबांइतकाच उंच, आणि हात खाली सोडून त्यांच्याकडे बघत राहिला. त्यानेच बाबा पिसाळले. ते मारत होते आणि प्रत्येक फटक्याला एकेका नगराचं नाव घेत होते, दिमिष्क, गज्जा, सोर, आणि मी भिंतीला चिकटून मनातल्या मनात ती नावं मागून म्हणत होते, सवयीने. सहावा की सातवा फटका कानावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दादा एका गुडघ्यावर आला आणि कानातून रक्त आलं, गळ्यावरून सदऱ्यात उतरलं. तो ओरडला नाही. ओरडली आई. ती मधे घुसली तर पुढचा फटका तिच्या मनगटावर बसला आणि बांगड्या फुटून काचा रश्श्यात पडल्या. मला त्या क्षणी बाबांवर आग पडायला हवी होती, आकाशातून, आमोसात पडते तशी. मी ती मागितलीसुद्धा. जीभ मात्र हलली नाही.

आई उठली. मला वाटलं ती दादाकडे जाईल. ती चुलीकडे गेली, विझलेला कोळसा उचलला आणि दारामागच्या भिंतीपाशी गेली. तिला लिहिता येत नव्हतं. तिने आमच्या नावांशेजारी, मोकळ्या जागेत, एक उभी रेघ ओढली.

"ही तुमची पयली," ती म्हणाली. "माझी आय मेली तवा मला तिचं तोंड बघू दिलं नाय. का, तर तिथं पिंड ठेवत्यात." तिने दुसरी ओढली. "ही दुसरी. ह्याच्या अंगात ताप होता, आठ वर्साचं लेकरू, त्याला उन्हात हुबं केलं." तिसरी. "मला ह्या पोरांच्या देखत मारलं. मी माझ्याच हातानं भित पुसली." ती थांबली. तिचं मनगट सुजायला लागलं होतं. मग तिने खाली दादाकडे बोट दाखवलं आणि चौथी रेघ इतक्या जोरात ओढली की कोळसा फुटला. "ही चवथी. देव सोडत नाय ना चवथ्याला?" तिने जमिनीवर पडलेलं दांडकं उचललं आणि बाबांच्या हातात दिलं. "घ्या. आता तुम्हाला कोण मारनार ते सांगा."

बाबा त्या चार रेघांकडे बघत राहिले. ओळंबा अजून हलत होता, आईचा धक्का लागून. मग त्यांनी दांडकं टाकलं, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली, आणि आई पाय पसरून आमच्या दोघांपुढे उभी राहिली. पण ते आमच्याकडे आले नाहीत. ते मळ्यात गेले.

खरड छाटणी पंधरा दिवसांपूर्वीच झाली होती, उघड्या ओलांड्यांवर कोवळी फूट आली होती. बाबांनी पहिल्या झाडाच्या खोडावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, कुऱ्हाड घातली. एकेका झाडाला पाच-सहा घाव. वेली मांडवावर पसरलेल्या असल्याने खोड तुटलं तरी झाड पडत नव्हतं, तारांना लटकत राहत होतं, म्हणून ते आणखीच चवताळले आणि तारांवर घाव घालू लागले. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी परत यायची. एकीने त्यांचा गाल ओठापासून कानापर्यंत फाडला. ते थांबले नाहीत. सोळाच्या सोळा झाडं. दादाच्या कानावर हळदीचं फडकं दाबून मी दारात बसले होते आणि मला एक एक घाव ऐकू येत होता. दादाला त्या कानाने त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

सरूमावशीच्या दिराने आम्हाला भाजीच्या टेंपोतून नाशिकरोडला नेलं, कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसवून. डॉक्टरांनी कानात बघितलं आणि आईला म्हणाले, "पडदा राहिलेला नाही बाई." कसं लागलं असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "तार तुटली." तिसऱ्या दिवशी तो नांदगावला मामाकडे गेला, तो तिकडचाच झाला. पंपदुरुस्ती शिकला, दुकान टाकलं. मी त्याला एसटीवर सोडायलासुद्धा गेले नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

बाबांनी त्यानंतर कुणावर हात उचलला नाही. उपदेशही केला नाही. मंडळीत शेवटच्या चटईवर बसत, गालावर तो व्रण घेऊन. माफी मात्र त्यांनी मागितली नाही, आणि आईनेही त्यांच्याकडे ती मागितली नाही. आमच्या तिघांच्या नावाखालच्या रेघा आईनेच पुसल्या. त्या चार तशाच ठेवल्या. दर नाताळला घराला चुना व्हायचा तेव्हा ती तेवढी हातभर जागा सोडून चुना लावायची. रोज दिवेलागणीला बाबा त्या भिंतीसमोर बसून मनात वाचायचे.

आणि आई त्या सोळा बुंध्यांना पाणी घालत राहिली. मला राग यायचा. मेलेल्या झाडाला पाणी घालणं म्हणजे बाबांचं पाप धुणं, असं मला वाटायचं. सरूमावशीने एक दिवस बसून नखाने साल खरवडली आणि आतलं हिरवं दाखवलं. "खोड जित्तं हाय," ती म्हणाली. "पानी तोडू नका." पावसाळ्यात बुंध्यांतून फूट निघाली. दोन वर्षांनी पुन्हा मांडव भरला आणि तिसऱ्या वर्षी इतका माल आला की आईने आख्ख्या मंडळीला वाटला. बाबांनी त्या द्राक्षाला तोंड लावलं नाही. मी पोटभर खाल्ली आणि नंतर मोरीत जाऊन ओकले. खोडाला फूट येते, कानाला येत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं आणि यावर कुणी मला शास्त्रातून उत्तर द्यायला लागलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

मी शिक्षिका झाले. पहिल्याच वर्षी एका मुलीने पाढ्यात चौथ्यांदा तीच चूक केली आणि मी पट्टी उगारली. किती चुका झाल्या ते मी मोजत होते, हे मला पट्टी हवेत असताना समजलं. मी ती खिडकीतून बाहेर टाकली आणि मुलीपेक्षा जास्त मीच रडले. पुढे रविवारच्या शाळेत मी संदेष्टे शिकवले. माझ्या लक्षात आलं की हे सगळे आरडाओरडा करणारे लोक मुळात रडणारे आहेत. यिर्मयाचे डोळे कोरडे होत नाहीत. होशेयाचा देव तर शिक्षा सांगता सांगता मधेच थांबतो आणि तुला टाकून कसा देऊ म्हणून कळवळतो. बाबांना ओरडणं ऐकू आलं, रडणं नाही. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाळकांनी सांगितलं की आमोसाची ती शेवटची वचनं मूळची नसावीत, कुणीतरी मागाहून जोडली असावीत, असं काही अभ्यासक मानतात. मंडळी नाराज झाली. मला मात्र बरं वाटलं. म्हणजे त्या काळीही कुणीतरी ते पुस्तक तलवारीपाशी संपलेलं बघितलं, आणि त्याला ते तिथे मिटवेना.

दादाला खरं सांगायचा मी प्रयत्न केला, नाही असं नाही. त्याच्या लग्नात, बँड वाजत असताना, मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून सांगितलं. आईला माती दिली त्या दिवशी परत येताना सांगितलं, डावीकडूनच. त्याची मुलगी पहिल्यांदा बाळंत झाली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. तीन वेळा मी माझा गुन्हा माझ्या भावाच्या बहिऱ्या कानात सांगितला आणि दर वेळी तो माझ्याकडे वळून "काय गं?" म्हणाला, आणि मी "काही नाही" म्हणाले. कोणत्या बाजूला बसायचं हे मला बरोबर ठाऊक असे. चलाखी जन्माची सुटत नाही.

बाबांच्या शेवटच्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. दादा छाटणीसाठी म्हणून नांदगावहून आला होता. आई गेल्यापासून झाडं तोच बघायचा. सकाळचं काम उरकून तो मांडवाखाली बाबांच्या खाटेशेजारी बसला होता. बाबांना दिसत नव्हतं. त्यांनी मला आमोस वाचायला सांगितला. मी वाचत गेले आणि तलवारीच्या वचनापाशी सवयीने पुस्तक मिटलं.

"मिटू नगं," बाबा म्हणाले. "म्होरं हाय."

मी उघडलं. लाल रंग फिका पडला होता, पण रेघा सरळ होत्या. मी पहिलं वचन वाचलं, आणि मला पुढचं दिसेना.

"बाबा, ह्या रेघा मी मारल्या होत्या," मी खाटेकडे वाकून हळूच म्हणाले.

 बाबांचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतायत. ते मोजत होते.

"तुझी एकच व्हती तवा," ते पुटपुटले. "दुसरीच पडली असती गं. दुसरीच." आणि गालावरच्या त्या जुन्या व्रणावरून पाणी ओघळायला लागलं. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. माझं काळीज फाटलं आणि, लपवत नाही, त्याच वेळी मला वाटलं, रडा. चाळीस वर्षं उशिरा का होईना, रडा.

मी दादाच्या डाव्या हाताला बसले होते. त्याने बाबांकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे. "काय झालं गं? काय म्हनले बाबा?"

मी उठले. दोन पावलांचं अंतर. खाटेला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि त्याच्या चांगल्या कानाशी, बाबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, सांगितलं. आमोसाखालच्या लाल रेघा माझ्या. माझी एकच होती. मला माहीत होतं, तरी बोलले नाही.

दादा हातातली कात्री उघडझाप करत राहिला. मग त्याने ती खाली ठेवली.

"पेन्सिल आठवती का?" तो म्हणाला. "कोनाड्यातून न विचारता नेलीस, तशीच परत ठेवलीस. लाल टोक पार झिजवलं व्हतंस. मी बघितली ना त्या सकाळी, देवळात जायच्या आधी. बाबांनी पान म्होरं धरलं तवाच कळलं."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखं भोकाड पसरलं. त्याने मला थोपटलं नाही, दूरही केलं नाही. थोड्या वेळाने त्याने शास्त्र माझ्या मांडीवर सरकवलं आणि उजवा कान माझ्याकडे केला.

"चार वचनं राहिली," तो म्हणाला. "बाबा वाट बघत्यात."

मी वाचायला लागले. एकेक वचन झालं की थांबत होते. ते दोघं मागून म्हणत होते.